कपाळाची जागा

"चिंधू कापगते, भिलाई," अरुणकुमार साहेबांनी वाचलं, आणि तेही माइकपासून हातभर अंतरावर.

सप्ताहाचा पहिला दिवस होता. मंडळाचे अध्यक्ष भय्याजी गळ्यात वीणा घेऊन उभे होते. साहेब दर्शनाला आले, वीणेवर डोकं टेकवलं, उठताना चष्मा सावरला आणि जिथे कपाळ टेकलं तिथलीच अक्षरं मोठ्यानं वाचली. सबंध मांडवानं ऐकलं. चार माणसांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्याच रांगेत बसलो होतो. खोटं कशाला बोलू, त्यासाठीच पुढे बसलो होतो.

"बढिया काम केलं जी चिंधूजी," साहेब म्हणाले. "जुनी वीणा हाय म्हणून ओळखूच येत नाई."

मी हात जोडले. मान नम्र दिसेल इतपत वाकवली. याच साहेबांसमोर नोकरीच्या सुरुवातीला रजेचा अर्ज घेऊन उभा होतो, तेव्हा ते म्हणाले होते, चिंधू हे काय नाव झालं? आज तेच नाव त्यांनी डोकं टेकवून वाचलं. छाती अशी फुगली की शर्टाची गुंडी तुटायचीच बाकी होती.

मग साहेबांमागची बाई वाकली. तिचं डोकं बरोबर नावावर टेकलं. तिच्यामागच्या माणसाचंही. मग एक लेकुरवाळी आली, तिनं आधी स्वतःचं टेकवलं आणि मग कडेवरच्या पोराचं धरून टेकवलं. दहावं-बारावं डोकं टेकलं तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला, की ही माणसं वीणेच्या नव्हे, माझ्या पाया पडताहेत. आधी हसू आलं. मग ते तोंडातल्या तोंडात आंबलं.

आमच्या विठ्ठल मंदिरातल्या सप्ताहाची रीत अशी, की सात दिवस वीणा खाली टेकत नाही. ती कोणा ना कोणाच्या गळ्यात असते. पाळी बदलताना घेणारा वीणेवर डोकं टेकवतो, देणाऱ्याच्या पाया पडतो आणि देणारा घेणाऱ्याच्या. त्यात लहान-मोठा कोणी नाही. म्हणजे आता सात दिवस भिलाईतली दोन-तीनशे डोकी माझ्या नावावर टेकणार. आणि वीणा खालीच ठेवता येत नाही, तर मी ते नाव काढणार कधी?

चार वाजता सिंधू वहिनी आल्या.

ही वीणा मुळात शेषराव भोयरांनी केलेली, चाळीस वर्षांपूर्वी. सिंधू वहिनी त्यांची बायको. शेषरावजी जाऊन पाच वर्षं झाली. तेव्हापासून सप्ताहात रोज चार ते साडेचार वीणा वहिनींकडे, असं मंडळानं ठरवूनच टाकलं आहे. अठ्ठ्याहत्तर वय, नजर जवळजवळ गेलेली. समीक्षाचा, म्हणजे नातीचा, हात धरून येतात आणि खुर्चीवर बसून वीणा घेतात.

वहिनी वाकल्या. कपाळ टेकवलं आणि तसंच उचललं. पुन्हा टेकवलं, जरा डावीकडे. मग बोटांनी वीणेचं तोंड चाचपू लागल्या, अंधारात आगपेटी चाचपतात तसं.

"इथला खड्डा कुठी गेला?"

"काकू, चिंधूजीनं रिपेरिंग केलं ना," भय्याजी म्हणाले. "सारं प्लेन केलं, पॉलिश मारलं."

"हं," म्हणाल्या, आणि वीणा गळ्यात घेतली. मी तीन हातांवर बसलो होतो.

तो खड्डा मीच बुजवला होता.

आता नावाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझ्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. तेव्हा आमच्या भंडाऱ्याकडे रीत होती, की पोर जगावं वाटत असेल तर त्याला असं नाव द्यायचं की यमालाही उचलावंसं वाटू नये. मी जगलो, पण नाव चिकटलं ते चिकटलं. शाळेत चिंधी. इथल्या स्टील प्लांटमध्ये लागलो तिथेही चिंधी. पॅटर्न शॉपमध्ये पहिल्या दिवशी दारात उभा होतो, विशीतला पोरगा, तर रंधा मारत असलेला एक मिस्त्री मान वर करून म्हणाला, "या चिंधूजी." ते शेषरावजी. जन्मात पहिल्यांदा मला कोणी जी लावला. त्यांनी लावला म्हणून मग बाकीच्यांनीही लावला.

हत्यार धरायला त्यांनीच शिकवलं. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब करायचा आणि त्याचा ठसा वाळूत घ्यायचा, हे आमचं काम. लाकडावर नखाएवढा खड्डा राहिला तर तो तसाच लोखंडात उतरतो. म्हणून एकोणचाळीस वर्षं मी खड्डा दिसला की बुजवत आलो. हाताला तेवढंच कळायचं.

रिटायर झाल्यावर स्मृती नगरच्या घरामागे टिनाची शेड टाकली आणि एकतारी, खंजिरी, लहान वीणा करू लागलो. लाकूड उतई गावच्या आरा मशीनवरून, म्हणजे लाकूडगिरणीतून, आणायचो. काम साफ होतं, पण वाद्य कसं नागडं दिसायचं. कोरायला जावं तर हात कापतो. मग छापाची युक्ती सापडली. लोक त्याला स्टिकर म्हणतात, मला राग येतो. स्टिकर बाजारात मिळतो. छाप घरी होतो. सत्यभामा, म्हणजे आमची मंडळी, तांदळाची पेज आणि बाभळीचा डिंक घोटून देते. ते साध्या कागदावर फासायचं, वाळलं की इस्त्री फिरवायची. दुर्गला कोर्टाजवळ मोनूचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्याकडे त्या कागदावर वेलबुट्टी छापून घ्यायची. वरून वॉर्निशचे दोन पातळ हात. मग कागद कोमट पाण्यात सोडायचा. खालचा डिंक विरघळतो आणि नक्षी दुधावरच्या सायीसारखी सुटून येते. ती ओल्या बोटांनी लाकडावर सरकवायची, फडक्यानं पाणी दाबून काढायचं, वरून लॅकर मारायचं. हात फिरवला तरी कळत नाही की लाकूड कुठे संपलं आणि छाप कुठे सुरू झाला. ती साय लाकडावर बसताना मला जे सुख व्हायचं ते पगाराच्या दिवशीही कधी झालं नव्हतं.

यंदा जानेवारीत मंडळाची वीणा माझ्याकडे आली. दांडीचा सांधा उकलला होता, खुंट्या सैल झाल्या होत्या. शेषरावजींनी ती अख्खी लाकडात केलेली, भोपळासुद्धा शिवणीच्या खोडातून कोरलेला. त्यावर नाव तर सोडाच, एक रेघही ओढलेली नव्हती. मी सांधा बसवला, खुंट्या नव्या केल्या. मग तोंडावरच्या पातळ फळीत, तारांच्या बाजूला, दोन-तीन बोटं बसतील एवढा खड्डा दिसला. कडेनं तेलकट, काळपट. वाटलं, कोणी तरी आपटली असेल. पुट्टी भरली, काचकागद मारला, सपाट केलं. मीही त्याच वीणेवर चाळीस वर्षं डोकं टेकवत आलो होतो. पण माझं टेकवणं म्हणजे ड्युटीवर जाता जाता पंच मारल्यासारखं. कपाळ कुठे बसतं याकडे कधी लक्षच गेलं नाही.

पुट्टीचा रंग जरा वेगळा दिसत होता. तो झाकायला तिथे छाप हवा होता. मोनूकडे गेलो, दोन बाजूंनी वेल काढले, मध्ये जागा उरली.

"अंकल, बीच में खाली लग रहा है," मोनू म्हणाला. "नाम डाल दूँ? इतना काम करते हो, किसी को पता तो चले."

सगळं मोनूवर ढकलता आलं असतं. पण "थोडा मोटा कर" हे मीच म्हणालो, आणि एकदा नाही, दोनदा.

पहिल्या दिवशी मांडवातून घरी आलो तर सत्यभामेनं चहा पुढे ठेवला आणि पदर सावरून उभी राहिली.

"सारी कॉलनी तुमच्या पाया पडून राहिली म्हणे. मी बी पडून घेऊ का?"

"गप राय."

"मी पेज घोटून देत होती तवा मले वाटलं वेल काढून राहिले. नाव टाकतीन हे मले का मालूम!" मग तिचा आवाज उतरला. "तो खड्डा कशाचा होता, माहीत तरी हाय का तुमाले?"

"कशाचा?"

"डोके टेकून टेकून पडला होता तो. सिंधू वहिनी नेहमी सांगत. शेवटच्या सालात शेषराव भाऊजीले उभं राहणं होत नव्हतं, तवा वहिनीनं धरून धरून नेलं होतं, अन् त्याइनं डोकं टेकवलं होतं तिथी. आता वहिनी त्यातच आपलं टेकवते."

"मंग मले कावून नाई सांगतलं?"

"तुमी विचारलं का मले? शेडमध्ये कोणाले येऊ देता का?"

चहा तसाच राहिला. दोन चमचे पुट्टी घालून मी काय बुजवलं हे तेव्हा कळलं. आणि वरून स्वतःचं नाव चिकटवलं. ज्यानं मला जी लावला त्याच्या कपाळाच्या जागेवर. मला इतकी लाज वाटली की रात्री जेवताना सत्यभामेकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी भय्याजींना गाठलं. "थोडा वेळ वीणा द्या, ते नाव काढतो."

"पागल झाले का चिंधूजी? सप्ताह मोडू का तुमच्यासाठी? अन् कावून काढता? चांगलं दिसते."

चांगलं दिसत होतं हेच तर दुःख होतं. मी मागच्या रांगेत जाऊन बसू लागलो, खांबाआड. तरी दिसायचंच. शाळेतली पोरं वाकायची, कुंकवाचं बोट लावून बायका वाकायच्या. तिसऱ्या दिवसापर्यंत माझ्या नावाभोवती कुंकवाचा चांगला थर चढला. वहिनी रोज चारला यायच्या, कपाळ टेकवायच्या, जागा सापडली नाही की क्षणभर थांबायच्या, आणि मग कुठेही टेकवून वीणा घ्यायच्या. पुन्हा खड्ड्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी दोन ते चार माझी पाळी होती. माझ्या आधीच्या पाळीवाल्या चंपतकडून वीणा घ्यायची होती. वाकलो, तर डोळ्यांपुढे ठसठशीत अक्षरं. स्वतःच्या नावावर डोकं टेकवायचं! मी कपाळ सरकवून वेलावर टेकवलं. चंपतच्या लक्षात आलं, तो खालच्या मानेनं हसला.

दुपारची वेळ, मांडवात माणूस कमी. अरुणकुमार साहेब खुर्चीत पेंगत होते, दोन बाया हळू टाळ वाजवत होत्या. मी रामकृष्णहरी म्हणत म्हणत उजव्या अंगठ्याचं नख छापाच्या कडेला घातलं. एका हातानं तार छेडायची आणि मध्येच खरवडायचं. निघेना. थुंकी लावावी तर वीणा, हिंमत झाली नाही. लॅकरचे तीन हात दिले होते मी, दर हाताला कागद मारून. इतकं पक्कं काम मी जन्मात केलं नव्हतं. तास-दीड तास खरवडलं तेव्हा वेलाचं एक पान निघालं. नावाच्या काना-मात्रेलाही धक्का लागला नाही. नख मात्र मुळाशी तुटलं आणि रक्त आलं.

चारला वहिनी आल्या. वीणेवर डोकं टेकवलं आणि मग रीतीप्रमाणे माझ्या पायांशी वाकल्या. मागे सरकावं तर मागे कठडा, हातात वीणा. शेषरावजींच्या बायकोचा हात माझ्या दोन्ही पायांना लागला. मी डोळे मिटून घेतले.

वीणा घेताना त्यांचा हात माझ्या हातावर पडला.

"अंगठा कावून ओला हाय तुया?"

"काई नाई वहिनी. तार लागली."

त्या खुर्चीत बसल्या. वीणा मांडीवर घेतली, बोटं अक्षरांवर ठेवली. "इथी काई लिवलं हाय म्हणतात. मले तर दिसत नाई. वाचून दाखव."

समीक्षा त्यांच्या खांद्यामागे उभी होती. टाळ वाजवणाऱ्या बाया थांबल्या. साहेबही जागे झाले असावेत. मला फक्त माझं नाव वाचायचं होतं. आठवडाभर दुकानात, घरात, मनात हजारदा वाचलेलं.

"शेषराव भोयर," मी म्हणालो. "भिलाई."

वहिनींची बोटं थांबली. समीक्षानं माझ्याकडे पाहिलं. कॉलेजातली पोरगी, तोंडावर येईल ते बोलणारी. ती काहीच बोलली नाही. तिनं बोलावं, असं मला फार वाटलं.

"याइचं नाव टाकलं तू," वहिनी म्हणाल्या. "बरं केलं."

मी घरी गेलो आणि शेडमध्ये जाऊन बसलो. बुजवलं ते न कळत बुजवलं, नाव टाकलं ते हौसेनं टाकलं. हे मात्र मी डोळे उघडे ठेवून केलं होतं, आणि तेही एका न दिसणाऱ्या बाईशी. सत्यभामा दोनदा हाक मारून गेली.

पुढचे तीन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. वहिनी भेटेल त्याला सांगू लागल्या. "चिंधूनं वीणेवर याइचं नाव टाकलं हं. पाहून घेजा." ऐकणारा वीणेकडे बघायचा, नाव वाचायचा, मग मांडवात मला शोधायचा. आणि म्हणायचा, "हो काकू, पाहिलं. चांगलं टाकलं." एकानंही खरं सांगितलं नाही. अरुणकुमार साहेबसुद्धा म्हणाले, "हो वहिनी, शेषरावचंच नाव हाय." माझ्या एका खोट्यासाठी सगळी कॉलनी खोटं बोलत होती, आणि ते माझ्यासाठी नव्हतं, तिच्यासाठी होतं. कोणी शिव्या घातल्या असत्या तर पचल्या असत्या.

सातव्या दिवशी काला झाला. दहीहंडी फुटली, वीणा एकदाची पाटावर टेकली. मी ती उचलून न्यायला पुढे होणार, तेवढ्यात भय्याजींनी माइक घेतला.

"यंदा आपल्या वीणेचं काम चिंधूजींनी केलं. त्याइचा सत्कार आपण शेषरावजींच्या सौभाग्यवतींच्या... म्हणजे सिंधू काकूंच्या हस्ते करून राहिलो."

मला ढकलतच पुढे नेलं. वहिनींच्या हातात शाल आणि नारळ दिला. समीक्षानं त्यांना माझ्यासमोर आणून उभं केलं. समोर सगळी कॉलनी, पहिल्या रांगेत सत्यभामा. वहिनींनी शाल उलगडली आणि माझ्या खांद्यावर घालायला हात उंच केले. त्या ठेंगण्या, म्हणून मी वाकलो. माझं तोंड त्यांच्या कानाशी आलं.

"वहिनी," मी म्हणालो, "ते नाव त्याइचं नाई. माझं हाय. मी खोटं वाचलं."

लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती. वहिनींचे हात थांबले नाहीत. शाल त्यांनी एका खांद्यावर नीट घातली, मग दुसऱ्या.

"मालूम हाय मले," त्या टाळ्यांतच म्हणाल्या. "समीक्षानं पयल्याच दिवशी वाचून दाखवलं."

"मंग मले वाचाले कावून लावलं? अन् लोकाइले कावून सांगून राहिल्या होत्या?"

"तुले ऐकू यावं म्हून."

त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. "नावाचं काई नाई. याइले नावाची हौसच नव्हती. तेवढा खड्डा मोकळा करून दे. माझं डोकं बसत नाई."

टाळ्या चालूच होत्या. भय्याजींनी फोटोसाठी आम्हाला वळवलं. त्या फोटोत मी शाल पांघरून खाली बघतो आहे, आणि पाहणाऱ्याला वाटावं, किती नम्र माणूस!

वीणा त्याच दुपारी शेडमध्ये आणली. सत्यभामेला सगळं सांगितलं. ती दिवा धरून शेजारी बसली. शेडमध्ये ती पहिल्यांदाच बसत होती. काचेच्या तुकड्यानं मी लॅकर खरवडलं. आधी वेल गेले, मग कापगते, मग चिंधू. खालची पुट्टी दाभणानं कणाकणानं उकरली. तेलकट काळी लाकडाची त्वचा वर आली. छाप नको, लॅकर नको, तसंच उघडं ठेवलं.

पण खड्डा पहिल्यासारखा नव्हता. पुट्टी सपाट करताना भोवतालचं लाकूडही मी घासलं होतं. मापानं पाहिलं. दोन मिलिमीटर गेले होते. पॅटर्न शॉपमध्ये कमी पडलं तर भरता येतं, पण हे भरायचं कसं?

सकाळी मंदिरात पोचवण्याआधी वीणा वहिनींकडे नेली, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. त्या अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. मी वीणा समोर धरली. त्यांनी बोट घातलं आणि फिरवत राहिल्या.

"उथळ झाला रे."

"हो वहिनी. कडा घासल्या गेल्या माझ्याच्यानं."

"किती?"

"दोन मिलिमीटर."

त्या हसल्या. मिलिमीटर हा शब्द त्यांनी चाळीस वर्षं जेवणाच्या ताटावर ऐकला असणार. "पडन पुन्हा खोल," म्हणाल्या. "लोकं हायेत. तवा मी नसन, तू बी नसशीन."

मग वाकल्या. कपाळ जरा इकडे तिकडे झालं आणि थांबलं. बराच वेळ उचललं नाही. समीक्षा दारातून बघत होती. मी वीणा घट्ट धरून उभा राहिलो.

वहिनी मागे झाल्या आणि वीणा धरायला त्यांनी हात पुढे केले.

"आता तुमी टेकवा, चिंधूजी."

मी वीणा त्यांच्या हातात दिली आणि वाकलो. या वेळी घाई केली नाही. लाकडाला पुट्टीचा वास अजून होता.